गिरणीचा आवाज ओळखा

 

आज आपण बोलणार आहोत गटाच्या यंत्राबद्दल. कुणाच्या गटाकडे पिठाची गिरणी आहे, कुणाकडे घरघंटी, कुणाकडे मिरची कांडप यंत्र, ज्याला काही भागांत डंख म्हणतात. कुणी शेवया करतं, कुणी पापड. यंत्र कोणतंही असो, त्यात एक मोटार असते, बहुतेक वेळा पट्टा असतो, एक फिरणारा दांडा असतो आणि तो दांडा ज्यात फिरतो ती बेअरिंगं असतात. म्हणून आम्ही आज गिरणी समोर धरून बोलू. तुम्ही ते आपापल्या यंत्राला लावून घ्या.

यंत्र घेताना आपण किती धावपळ करतो! ठराव लिहा, कोटेशन आणा, बँकेच्या चकरा मारा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्राच्या खर्चावर ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं. गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सभासदांना खेळतं भांडवल आणि लहान अवजारांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची सोयही त्यात होती. हे सगळं चांगलंच आहे. पण अनुदान यंत्र घेताना मिळतं, मोटार जळल्यावर मिळत नाही. आणि गिरणी बंद आहे म्हणून बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

नुकसान नुसतं पैशाचंही नसतं. गिरणी चार दिवस बंद राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीवर जातं आणि तिथंच रुळतं. वर पारावर बोललं जातं, "बघा, यंत्र काय बायकांचं काम आहे का?" हे वाक्य ऐकून कितीतरी सभासद मागे सरतात. यंत्र नीट चालवणं हे त्या वाक्याला दिलेलं उत्तर आहे.

आपल्याला पंचसूत्री झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. यंत्राला तोच शब्द लावायचा. रोजची पाच मिनिटं, आठवड्याचा अर्धा तास आणि महिन्याचा एक तास. एवढं दिलं तर बरेच बिघाड होण्याआधीच कळतात.

आधी रोजचं काम सांगतो. सकाळी बटण दाबायच्या आधी गिरणीभोवती एक फेरी मारा. रात्री उंदरानं वायर कुरतडली आहे का, पट्ट्यात काही अडकलं आहे का, पट्ट्यावरची जाळी जागेवर आहे का, हे बघा. मेन स्विच बंद असतानाच पुली हातानं एकदा फिरवा. ती सहज फिरली पाहिजे. अडत असेल तर आत काहीतरी आहे. मग मोटार चालू करा, ती पूर्ण वेगात येऊ द्या आणि त्यानंतरच धान्य सोडा. धान्य भरलेलं असताना मोटार चालू केली तर तिला जागेवरून उठतानाच सगळा भार ओढावा लागतो. डोक्यावर पाटी ठेवूनच बाईला जमिनीवरून उठायला लावल्यासारखं आहे ते. बंद करतानाही डब्यातलं धान्य संपत आलं की दगड जरा सैल करा आणि मग बंद करा. रिकामे दगड एकमेकांवर घासू देऊ नका.

दळण टाकताना धान्य चाळलेलं आहे का, हेही बघा. खडा, खिळा, तारेचा तुकडा आत गेला तर दगड तुटतो, ठिणगी उडते. डब्याच्या तोंडाशी लोहचुंबक बसवलेलं असेल तर ते रोज पुसा. ओलसर धान्य आलं तर प्रेमानं सांगा, "ताई, एक ऊन दाखवून आणा." ओलं धान्य दगडाला चिकटतं, घरघंटीची जाळी बुजवतं आणि मोटारीवर ताण आणतं.

आता आठवड्याचं काम. ते सुरू करण्याआधी एक नियम पक्का करा. मेन स्विच बंद केल्याशिवाय जाळी काढायची नाही, पट्ट्याला हात लावायचा नाही. जिनं मेन बंद केला तिनंच तो चालू करायचा, दुसरीनं नाही. स्विचला "काम चालू आहे" अशी पाटी अडकवा. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट लक्षात ठेवा. लाईट गेली म्हणजे यंत्र बंद झालं असं नाही. लाईट न सांगता जाते, तशी न सांगता येते. हात आत असताना आली तर? म्हणून लाईट गेली की पहिलं काम, बटण आणि मेन दोन्ही बंद.

मग सफाई. मोटारीवर बसलेलं पीठ म्हणजे उन्हाळ्यात अंगावर घेतलेली गोधडी. मोटारीच्या मागे पंखा असतो, तो वारा घेऊन मोटार थंड ठेवतो. त्या फटी पिठानं बुजल्या की मोटार आतल्या आत तापते आणि तापत राहिली की तिच्या तारेवरचं आवरण लवकर जळतं. कोरड्या ब्रशनं आणि कोरड्या फडक्यानं पुसा. ओलं फडकं मोटारीला आणि स्टार्टरला लावायचं नाही. हवेत उडालेलं पीठ पेट घेऊ शकतं, म्हणून गिरणीत बिडी, उदबत्ती, चूल काही नको. उदबत्ती लावायचीच तर बाहेर उंबऱ्याशी लावा.

नंतर पट्टा. दोन पुल्यांच्या मधोमध पट्ट्यावर अंगठ्यानं दाबा. साधारण अर्धा इंच आत गेला तर ठीक. जास्त गेला तर सैल आहे, तो घसरेल, तापेल, जळका वास येईल. अजिबात गेला नाही तर फार ताणलेला आहे, तो बेअरिंग खाईल. पट्टा घसरतो म्हणून त्यावर राळ किंवा साबण लावू नका, ताण नीट करा. दोन पट्टे असतील आणि एक तुटला, तर दोन्ही एकदम बदला. नवा आणि जुना एका पुलीवर ठेवला तर सगळा भार नव्यावर पडतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे बघायला दोरी ताणून धरा. दोरी दोन्ही पुल्यांच्या कडांना सरळ टेकली पाहिजे. शेवटी पायाचे बोल्ट पान्यानं तपासा. यंत्राच्या थरथरीनं ते हळूहळू सैल होतात.

महिन्याच्या कामात पहिलं ग्रीस. ग्रीस म्हणजे तूप नव्हे, जास्त वाढलं म्हणजे प्रेम जास्त असं नाही. बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं तर ते तापतं. ग्रीस भरायचं तोंड आधी पुसून घ्या, नाहीतर ग्रीसबरोबर पीठ आणि मिरचीची पूडही आत जाते. जे ग्रीस वापरत आलात तेच वापरा, दोन प्रकार मिसळू नका. बाहेर आलेलं जुनं ग्रीस लगेच पुसा, कारण खाली लोकांचं पीठ आहे. काही मोटारींची बेअरिंगं दोन्ही बाजूंनी बंद असतात, त्यांना ग्रीस लागत नाही. आपली कोणती आहेत, हे मेकॅनिकला एकदा विचारून वहीत लिहून ठेवा.

दुसरं काम बोर्डाचं. बोर्डावर गळतीचा करंट ओळखून बंद होणारा स्विच असतो, त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा असावा. त्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. दाबताच स्विच पडला पाहिजे. पडला नाही तर तो आपल्याला वाचवणार नाही, लगेच बदलून घ्या. तो बसवलेलाच नसेल तर येत्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.

तिसरं काम अर्थिंगचं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कोरडी माती करंट नीट वाहून नेत नाही. तुळशीला पाणी घालता तसं त्या खड्ड्यातही बादलीभर पाणी घाला. गिरणीच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर "थोडासाच लागतो" असं म्हणून चालू ठेवू नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. आज मुंग्या आहेत, ओल्या पायानं उभं राहिलात तर उद्या जीव जाईल.

वर्षातून दोनदा मोठी तपासणी. एक होळीच्या आधी, कारण त्यानंतर मसाल्याचा हंगाम लागतो आणि यंत्राला उसंत नसते. दुसरी पावसाच्या तोंडावर. पावसाळ्यात यंत्र बंद राहणार असेल तर पट्टा सैल करून ठेवा. मोटार बरेच दिवस दमट जागेत पडून असेल तर चालू करण्याआधी वायरमनकडून तिची गळती मोजून घ्या.

आता आवाजाकडे वळू. मैत्रिणींनो, जी बाई रोज गिरणीवर बसते तिच्या कानाला त्या यंत्राची सवय झालेली असते. घरात लेकरू जरा वेगळं रडलं तर आईला कळतं, तसंच हे आहे. पट्टा सैल झाला की किंचाळल्यासारखा आवाज येतो. बेअरिंग जायला लागलं की खरखर येते. बोल्ट किंवा पुली ढिली झाली की ठकठक. मोटार नुसतीच घूं करत राहिली आणि फिरली नाही तर दुखणं विजेचं आहे किंवा काहीतरी अडकलं आहे, त्या वेळी क्षणभरही थांबू नका, बटण बंद करा. वासही ओळखा. जळक्या रबराचा वास पट्ट्याचा. वार्निश जळाल्यासारखा उग्र वास मोटारीच्या तारांचा. आणि पीठ नेहमीपेक्षा गरम, जाडसर यायला लागलं तर दगड गुळगुळीत झालेत, त्यांना टाकी लावायची वेळ आली. तेव्हा दगड आणखी आवळले तर पीठ भाजतं आणि मोटार दमते.

आम्ही ज्या गटांबरोबर काम करतो, त्यातल्या एका गटाची गोष्ट सांगतो. ऐन हंगामात, बाहेर मिरचीच्या पिशव्यांची रांग असताना, यंत्रावरच्या मावशींना खरखर ऐकू आली. त्यांनी बटण बंद केलं. रांगेतल्या बायका कुरकुरल्या. एक बाप्या म्हणाला, "चालतंय की मावशी, उगाच घाबरता." खुद्द गटातल्या दोघीजणी म्हणाल्या, "एवढी रांग संपवू, मग बघू." मावशी शाळा फारशी शिकलेल्या नाहीत, कारण त्यांना नीट सांगता येईना. त्या एवढंच म्हणाल्या, "काल असा आवाज नव्हता." मेकॅनिक आला, त्यानं उघडून दाखवलं. बेअरिंगच्या आतल्या गोळ्या धरून ठेवणारी चकती तुटली होती. तसंच चालवलं असतं तर दांडा खराब झाला असता, मोटारही गेली असती. अर्ध्या दिवसाचं काम बुडालं, संध्याकाळी यंत्र पुन्हा चालू झालं.

त्या महिन्याच्या बैठकीत त्या गटानं एक ठराव केला. आमच्या मते आजच्या बोलण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. ठराव असा, की यंत्रावर जी सभासद बसलेली आहे तिला यंत्र थांबवण्याचा पूर्ण हक्क आहे. तपासल्यावर काहीच निघालं नाही, तरी तिला कुणी बोल लावायचा नाही. बघा, पाने आणि ग्रीस बाजारात मिळतं. पण बाईला आवाज ऐकू येतो आणि ती बोलायला घाबरते, अशी पुष्कळ यंत्रं जळाली असतील. रांग नाराज होईल, अध्यक्षा रागावतील, घरी हसतील, म्हणून ती गप्प बसते. गट तिच्या पाठीशी उभा असेल तरच तिचा कान गटाच्या कामाला येतो.

आता यंत्र बंदच पडलं तर? घाबरून इकडेतिकडे हात लावू नका. विजेकडून धान्याकडे असा क्रम धरा.

पहिली वीज. लाईट आहे का, बोर्डावरचा स्विच पडला आहे का, फ्यूज गेला आहे का? दाब बघा. एका फेजवर साधारण २३० व्होल्ट हवेत. बोर्डावर छोटा मीटर लावून घ्या. काटा २०० च्या खाली असेल तर दळण थांबवा. दाब कमी असला की तेच काम करायला मोटार जास्त करंट ओढते आणि तापते. थ्री फेजवाल्यांनी तिन्ही दिवे लागलेत का ते बघायचं. एक फेज गेलेली असताना मोटार चालवली तर ती थोड्याच वेळात जळते. यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवून घ्या. बिघाड बाहेरच्या लाईनचा असेल तर १९१२ या नंबरवर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. लाईनचं किंवा डीपीचं काम झाल्यावर थ्री फेज मोटार कधी कधी उलटी फिरायला लागते. त्यामुळे काम झाल्यावर पहिल्यांदा रिकामी चालवून फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे का ते बघा.

दुसरी मोटार. मेन बंद करा, पट्टा काढा, जाळी लावा आणि एकटी मोटार चालू करून बघा. मोटार छान फिरली तर दोष गिरणीत आहे. धान्य अडकलं असेल, दगड आवळले असतील, बेअरिंग गेलं असेल. एकटी मोटारही फिरली नाही, नुसती घूं करते, तर दोष मोटारीत किंवा विजेत. सिंगल फेज मोटारीत असं झालं तर पुष्कळदा कपॅसिटर उतरलेला असतो. ही वस्तू स्वस्त आहे, मात्र ती आपण उघडायची नाही, कारण वीज बंद केल्यावरही तिच्यात करंट साठलेला राहतो. या एका चाचणीमुळे फोनवर मेकॅनिकला नेमकं सांगता येतं. "गिरणी बंद आहे" असं सांगण्याऐवजी "पट्टा काढून मोटार चालवली, नीट फिरते" असं सांगितलं की तो योग्य सामान घेऊन येतो आणि आपल्याला उगाच काही गळ्यात मारायला धजत नाही.

काही गोष्टींना आपण हात लावायचा नाही. मोटार उघडणं, स्टार्टरच्या आतल्या तारा, मीटरपेटी, खांब, हे परवानाधारक वायरमनचं काम. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात जाड तार घालायची नाही. फ्यूज जातो तो आपल्याला काहीतरी सांगायला. स्टार्टर पडला तर मोटार थंड होऊ द्या, एकदा रिसेट करा. पुन्हा पडला तर बंद ठेवा. यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर आधी विक्रेत्याला कळवा, बिल आणि हमीपत्र गटाच्या फाईलमध्ये ठेवा.

आणि अंगावरच्या कपड्यांकडे लक्ष द्या. पदर खोचलेला, वर अंगरखा किंवा अॅप्रन, केसांवर रुमाल, ओढणी बाजूला काढलेली. पट्ट्यात पदर गेला तर यंत्र बाईपेक्षा ताकदीचं असतं. कांडपात मिरची सारायला हात नको, लाकडी उलथनं वापरा. लहान मुलं उंबऱ्याबाहेर. कुणाला शॉक बसला तर तिला धरू नका, आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडानं तिला बाजूला करा आणि १०८ ला फोन लावा.

शेवटी वही आणि पैसा. एक वेगळी वही करा. तारीख, काय तपासलं, काय बदललं, किती खर्च झाला, कोण बसलं होतं. नाव लिहायचं ते विचारपूस करता यावी म्हणून, चूक कुणाची हे शोधायला नाही. पहिल्या पानावर मोटारीच्या पाटीवरचे आकडे उतरवा, अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर. पट्ट्यावरचा नंबरही लिहा. बी ६० म्हणजे बी जातीचा, आतून साधारण ६० इंच लांबीचा पट्टा. बेअरिंगवर ६२०५ असा काहीतरी आकडा कोरलेला असतो, तोही लिहा. मग तालुक्याच्या दुकानात कुणालाही पाठवा, चुकीची वस्तू येणार नाही. पट्ट्याचा जोड, फ्यूजची तार, ग्रीसचा डबा, पान्यांचा संच, टेस्टर आणि बॅटरी गिरणीतच ठेवा.

पैशाचा हिशोब असा करा. समजा तुमच्याकडे दिवसाला २०० किलो दळण येतं. किलोमागे २५ पैसे बाजूला टाकले तर दिवसाचे ५० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,२५० आणि वर्षाचे १५,०००. हा पैसा देखभाल निधी म्हणून वेगळा ठेवा. त्यातून अंतर्गत कर्ज द्यायचं नाही, असाही ठराव करा. दुरुस्तीच्या दिवशी कुणाच्या मंगळसूत्रावर किंवा घरच्यांच्या मर्जीवर अवलंबून राहायची वेळ येऊ नये.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तीन ठराव लिहा. एक, तपासणीचा दिवस कोणता आणि पाळी कुणाची. दोन, देखभाल निधी किती. आणि तीन, यंत्रावर बसलेल्या बाईला यंत्र थांबवण्याचा हक्क. पहिले दोन लिहायला सोपे आहेत. तिसरा मोठ्यानं वाचून दाखवा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि गिरणीच्या भिंतीवर लावा, म्हणजे रांगेतल्या लोकांनाही तो वाचता येईल.

नमस्कार.